इथून कोठी अकरा सलाम

ढगेकाकांना पत्ता विचारायची चूक मी एकदाच केली. हैदराबादेत पाऊल ठेवून तेव्हा जेमतेम दीड तास झाला होता, त्यामुळे मला अनुभव नव्हता, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

कोठीजवळच्या एका मुलींच्या कॉलेजात शिकवायला म्हणून मी पुण्याहून आले होते. कॉलेजातल्याच एका बाईंनी काचीगुड्यातल्या एका घराच्या वरच्या मजल्याचा पत्ता मराठीत चिठ्ठीवर लिहून दिला होता. रिक्षावाल्याने एका इराणी हॉटेलासमोर उतरवलं, "येइच है" म्हणाला आणि धूर सोडून गेला. पाट्या तेलुगूत, उर्दूत, इंग्रजीत. मला हवं ते एकाही पाटीवर नाही. हॉटेलाच्या दाराशी पांढरा शर्ट, करडी पँट, कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी अशा थाटात एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ बशीतून चहा पीत उभे होते. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली, उलटी करून मागची बाजूही वाचली, बशी रिकामी केली आणि म्हणाले, "मराठी हात का? वा वा. चला."

"तुम्ही नुसतं सांगा हो, मी जाईन."

"सांगून कोणी पोचते का ताई? चला." माझी बॅग त्यांच्या हातात गेलीसुद्धा.

त्यानंतर आम्ही चाललो. बडी चावडीच्या भाजीबाजारात गेलो. "वांगी या बाईकडून नक्को, त्या बाईकडून." एका मोच्यापाशी थांबलो. एका डॉक्टरांच्या पायरीशी थांबलो. "बीपी फुकट बघते, पण बोलते लई, टाइम काढून यायचं." जुन्या पुस्तकांच्या दुकानांपाशी थांबलो. कॉलेजच्या मागच्या गेटाशी तर चांगली दहा मिनिटं थांबलो, कारण तिथल्या वॉचमनच्या मेव्हण्याचं ऑपरेशन झालं होतं. प्रत्येक ठिकाणी काका कपाळाला हात लावून सलाम करायचे, समोरचा करायचा, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, "पुणे की मॅडम हैं, नये आये." मी चेहऱ्यावर हसू ठेवून दात खात होते.

पाऊण तासाने आम्ही पुन्हा त्याच इराणी हॉटेलासमोर आलो. त्याच्या बाजूच्या गल्लीत शिरलो. तिसऱ्या दाराशी काकांनी खिशातून किल्ली काढली.

"हे घर," ते म्हणाले.

"तुमच्याकडे किल्ली कशी?"

"माझंच हाय ना."

मी ओरडले. अगदी पहिल्या भेटीत, होणाऱ्या घरमालकावर, भर गल्लीत ओरडले. "मग आधी सांगता येत नव्हतं? इथेच तर उभे होतो आपण!"

काका जराही रागावले नाहीत. विद्यार्थिनीला प्रयोग समजावून सांगावा तसं म्हणाले, "ताई, भाडं घराचं नसते, गल्लीचं असते. घर काय, पाच मिनिटांत बघून होते. आधी घर दाखवलं असतं तर तुम्ही गल्ली बघितलीच नसती."

आतून काकूंचा आवाज आला, "फिरवून आणलं का बाईला? अगोदरची तर सुलतान बाजारातून पळून गेली. पाणी द्या तिला." मी पाणी प्यायले आणि जागा घेतली. दुसरीकडे जाऊन बघण्याइतकी ताकद पायांत उरली नव्हती.

ढग्यांचं मूळ गाव परभणीकडचं, घर शेतकऱ्याचं. काकांचे आजोबा निजामाच्या काळात जमिनीच्या एका खटल्याच्या तारखेला हैदराबादेत आले. तारखा पडत गेल्या, म्हणून त्यांनी खोली घेतली. आणखी पडल्या, म्हणून घर घेतलं. खटला हरले, घर राहिलं. काकांची शाळा इथून पायी, नोकरी पायी. माझ्याच कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत ते असिस्टंट होते आणि आमच्या जुन्या प्राध्यापिका अजून त्यांचं नाव निघालं की आधी हसतात आणि मग घड्याळ बघतात. सासुरवाडीसुद्धा सुलतान बाजारात. काकू म्हणायच्या, "माहेर इतकं जवळ की रुसून जायची पण सोय नाही. मी निघाले की हे पोचवायला मागं तयार. कोणावर रुसायचं मग?"

काकू स्वतः काकांबरोबर चालत नसत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "एकदा चालले. लग्नात. सप्तपदीला सात पावलं टाकायची, त्यात तीन वेळा थांबले. कोण ना कोण दिसायचं मांडवात. भटजी म्हणाले, अहो नवरदेव, अग्नी विझेल."

काका अंतर मिनिटांत सांगत नसत, किलोमीटरमध्ये तर नाहीच. ते सलामात सांगत. "काका, कोठी किती लांब आहे इथून?" "सकाळी अकरा सलाम, संध्याकाळी सतरा." आबिड्सचं मोठं पोस्ट एकोणतीस सलाम. काचीगुडा स्टेशन फक्त चार, कारण तिथे सगळे परगावचे. म्हणून स्टेशन त्यांना लांब वाटायचं. "लई सुनं सुनं लागते ताई त्या बाजूला," असं ते अक्षरशः पाच मिनिटांवरच्या जागेबद्दल बोलायचे.

सलाम मोजायचे नियम पक्के होते. दोघांनी थांबलं पाहिजे, तरच पूर्ण. स्कूटरवरून हात केला तर अर्धा. मोबाईलवर बोलता बोलता मान हलवली तर पाव, आणि त्या माणसाबद्दल काकांचं मत जरा खाली जायचं. दोन अर्धे मिळून एक धरायचा की नाही, यावर त्यांची आणि माझी एकदा जिन्यात उभ्याने वीस मिनिटं चर्चा झाली. मी पीएच.डी. आहे, तरी मी ती चर्चा केली.

त्या पिशवीत पाण्याची बाटली, छत्री आणि खडू असायचा. खडू ही नोकरीची सवय, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. फुटपाथवरची हलणारी फरशी दिसली की काका वाकून तिच्यावर फुली मारत. पावसात अशा फरशीवर पाय पडला की खालचं पाणी थेट पोटरीपर्यंत उडतं, ते कॉलेजच्या पोरींच्या कपड्यांवर उडू नये, म्हणून. पावसाने फुल्या धुऊन जात आणि पाऊस थांबला की काका पुन्हा निघत. पोरी त्या फुल्यांवरून उड्या मारत कॉलेजात जायच्या. कोण काढतं, ते बहुतेकींना ठाऊक नव्हतं.

आता सिद्दीकीसाहेबांकडे आलंच पाहिजे. काकांचे हे जिवलग मित्र. त्याच कॉलेजात उर्दू शिकवून निवृत्त झालेले, कोठीच्या मागच्या गल्लीत राहणारे, काडीसारखे बारीक आणि शेरवानीच्या बटणांइतके व्यवस्थित. रोज सकाळी दहाला ते चहाला काकांकडे यायचे. तास-दीड तास गप्पा व्हायच्या आणि मग ते निघायचे. इथून गडबड सुरू व्हायची.

मी पुण्याची आहे. आमच्याकडे पाहुण्याला पोचवायचं म्हणजे कडी लावल्याचा आवाज त्याला ऐकू जाऊ नये म्हणून दोन सेकंद थांबायचं. ढगेकाकांकडे पाहुण्याला निदान कोपऱ्यापर्यंत पोचवलंच पाहिजे. कोपऱ्यावर बोलणं अर्धवट असायचं, म्हणून बडी चावडी. तिथवर आलोच आहोत तर घरापर्यंत. पण सिद्दीकीसाहेबांच्या दारात गेलं की काका त्यांचे पाहुणे व्हायचे, आणि पाहुण्याला एकटं जाऊ द्यायचं हे सिद्दीकीसाहेबांच्या खानदानात बसत नव्हतं. "मियाँ, मैं छोड़के आतूँ ना." "नक्को साब, आपकू तकलीफ." "तकलीफ कायकी?" की दोघे पुन्हा काचीगुड्याकडे.

एकदा दुपारचे तीन वाजले तरी काकांचा पत्ता नाही. काकूंनी मला शोधायला पाठवलं. मी तरातरा निघाले तर सुलतान बाजारात दोघे भेटले, घामाघूम, एकमेकांचा हात धरून. दुकानदार सांगायला लागले की हे दोघे सकाळपासून सहा वेळा गेले आणि सहा वेळा आले. जेवण कुणाचंच झालेलं नव्हतं.

"तुम्ही वेडे आहात का?" मी विचारलं.

"मी बोलून राहिलो यांना केव्हापासून," काका म्हणाले, "की तुम्ही घरी जा."

"और मैं क्या बोल रहा हूँ?" सिद्दीकीसाहेब म्हणाले.

शेवटी मीच निकाल दिला. दोघांच्या घरांच्या बरोबर मधे थांबायचं, सलाम करायचा आणि पाठ फिरवायची. दोघांना पटलं. पण मध्य कुठला? सिद्दीकीसाहेब पावलं मोजत होते, काका सलाम. पावलांचा मध्य एका बंद पडलेल्या घड्याळाच्या दुकानाशी यायचा, सलामांचा त्याच्या बराच अलीकडे, वांगीवाल्या बाईपाशी. चार दिवस वाद चालला. शेवटी काकांनी घड्याळाचं दुकान मान्य केलं, पण "साहेबांचं वय माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्ती हाय म्हणून" असं बजावून. त्यानंतर रोज साडेअकराला त्या बंद शटरसमोर दोन म्हातारे सलाम करायचे आणि एकमेकांकडे वळून बघत बघत उलट दिशांना जायचे.

आणि त्या वळून बघण्यानेच घात केला. एका सकाळी काका सिद्दीकीसाहेबांना हात करत उलट्या पावलांनी चालले होते. मागे फरशी होती. तिच्यावर ठळक फुली होती. स्वतःच्या हाताने आदल्याच दिवशी मारलेली.

मनगट मोडलं. प्लास्टर झालं. त्यात काका मला दवाखान्यात सांगतात काय, "बघा ताई, मी बोललो होतो ना, ही हलते म्हणून."

काकांचा मुलगा अविनाश कोकापेटला चोविसाव्या मजल्यावर राहतो. मोठ्या कंपनीत आहे, स्वभावाने गरीब, वडिलांच्या पुढे आवाज न चढवणारा. त्या दिवशी मात्र त्याने सांगून टाकलं, "बस्स झालं बाबा. आता तुम्ही दोघं माझ्याकडे. इथलं काही एक ऐकणार नाही मी." काका काकूंकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, ही तरी नाही म्हणेल. काकू म्हणाल्या, "मला जायचंय."

काकू गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. "नात तिथं हाय. लिफ्ट हाय. पन्नास वर्षं मी या दारात या माणसाची वाट बघितली. आता लिफ्टची बघीन. ती येते तरी." त्या खरंच दमल्या होत्या, आणि ते काकांनाही त्याच क्षणी पहिल्यांदा दिसलं असावं. मला काकांसाठी वाईट वाटत होतं आणि काकूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी चहा करायला उठले.

काकांनी दोन दिवस विचार केला आणि मग अट घातली. एक महिना राहून बघायचं. महिन्याभरात कधीही फ्लॅटच्या दारापासून सोसायटीच्या गेटापर्यंतच्या एका फेरीत अकरा सलाम झाले, कोठीएवढे, तर कायमचं तिथेच. नाही झाले तर दोघंही परत काचीगुड्याला, आणि अविनाशने पुन्हा विषय काढायचा नाही. अविनाशने हात पुढे केला, काकूंनीही मान हलवली.

निघताना काकांनी मला जिन्याखाली बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "परेशान होऊ नका. महिन्याभरात वापस येतो. अविनाशच बोलला होता मागं, तिथं शेजारच्याचं नाव पण शेजारच्याला माहीत नसते. अकरा कुठून होतात?" आणि माझ्या हातावर खडू ठेवला. "महिनाभर बघा जरा. पोलीस ठाण्यापुढची, मोच्याजवळची, अन् मी पडलो ती."

मी प्राध्यापक बाई, खडू माझ्या हातात नवा नाही. पण फुटपाथवर वाकून फुल्या मारायला मला पहिल्या दिवशी फार लाज वाटली.

रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "खाली गेले होते. बुटांकडे बघत गेले अन् बुटांकडे बघत आले." मला बरं वाटलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "काळा गॉगल आणलाय. नजरेला नजर नको म्हणे." सातव्या दिवशी कानांत कापूस घातला. हाताला प्लास्टर, डोळ्यांवर गॉगल, कानांत कापूस अशा अवतारात काका सकाळ-संध्याकाळ बागेतून फिरत होते आणि लोक बाजूला होत होते. "एक पण सलाम नाही," काकू वैतागून म्हणाल्या. "आयुष्यभर मी बोलले गप्प ऱ्हा, गप्प ऱ्हा. आता बघा कसं जमून राहिलं."

सिद्दीकीसाहेब रोज घड्याळाच्या दुकानापाशी येऊन उभे राहत. कॉलेजला जाताना माझी वाट तीच. मी सांगायची, "आज भी ज़ीरो." ते म्हणायचे, "माशाल्ला."

नवव्या दिवशी एक तेलुगू आजी सगळ्यावर पाणी फिरवून गेल्या.

विजयवाड्याहून मुलाकडे आलेल्या त्या आजी फिरायला म्हणून खाली उतरल्या आणि हरवल्या. तिथले सगळे टॉवर एकसारखे. आजी रडवेल्या होऊन बाकावर बसल्या होत्या. येणारे-जाणारे फोनमध्ये बघत जात होते. काका तिसऱ्यांदा पुढून गेले, मग थांबले, गॉगल कपाळावर चढवला, कानातला कापूस काढला आणि म्हणाले, "पदंडि अम्मा." म्हणजे, चला.

आता काकांनाही कुठे टॉवर माहीत होते? पण नुसतं सांगून कोणी पोचत नाही, या न्यायाने त्यांनी आजींना सहाही टॉवर चढवून उतरवून बरोबर दाराशी पोचवलं. वाटेत वॉचमनला विचारलं, माळ्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं, एका निवृत्त कर्नलला विचारलं. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांनी आजी सापडल्या का, म्हणून चौकशी केली.

मग रोज रात्रीच्या जेवणाआधी काकांचाच फोन यायला लागला, चोरासारख्या आवाजात. "ताई, आज चार झाले."

"मोजू नका ना!"

"मोजू नको तर काय करू? समोरचा थांबून करते."

"मग कमी सांगा अविनाशला. दोन सांगा."

"सलाम कसा लपवायचा ताई? तो माझा थोडाच हाय, समोरच्यानं दिलेला असते."

सात झाले. नऊ झाले. मी चिडून चिडून अर्धी झाले. वर्गात बोर्डावर लिहिता लिहिता माझ्या मनात आकडा यायचा. चार वर्षं ज्या माणसाच्या बोलण्यापायी मला कॉलेजात उशीर होत होता, तो परत यावा म्हणून मी नवस बोलायची तेवढी राहिले होते. साडेदहावर गाडी आली आणि तीन दिवस अडली. उरलेला अर्धा गेटवरच्या वॉचमनचा होता. एका हाताने तो बॅरियरची दोरी धरायचा, त्यामुळे सलाम अर्धाच व्हायचा. काका त्या अर्ध्यावर आशा लावून बसले होते. महिना संपायला दोन दिवस असताना वॉचमनला काय वाटलं कोण जाणे. काका येताना दिसले, तशी त्याने दोरी खुंटीला बांधली, पुढे आला, थांबला आणि दोन्ही टाचा जुळवून सलाम केला.

"अकरा," काका फोनवर म्हणाले.

"जगात एकच काम दिलं होतं तुम्हाला," मी ओरडले, "गप्प बसायचं! तेवढंही जमलं नाही?" आणि फोन ठेवून चक्क रडले. नंतर कळलं की तिकडे काकाही काही जेवले नाहीत, आणि काकूंनी त्यांच्या ताटात गूळ वाढला.

सिद्दीकीसाहेबांना सकाळी सांगितलं. ते शटरकडे बघत राहिले. "ग्यारह? ख़ुद गिने उन्होंने?" मी हो म्हटलं. "मियाँ हिसाब में हमेशा के कच्चे," ते म्हणाले आणि रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. त्यानंतरही ते रोज साडेअकराला तिथे येत राहिले. मी माझा तास त्याप्रमाणे बदलून घेतला. पाच मिनिटं आम्ही उभे राहायचो, सलाम करायचो, आणि तेवढ्यात मी मोच्याजवळच्या फरशीवर फुली मारून घ्यायची.

पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी काकूंनी मला कोकापेटला जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. काकूंचा चेहरा उजळला होता, गुडघे कमी दुखत होते. काका मला खिडकीतून खाली दाखवत होते, तो माळी, तो कर्नल, त्या आजी. "गेटापर्यंत आता तेवीस," ते म्हणाले. आवाजात थोडी लाज होती आणि बरीच ऐट होती.

निघाले तर काका पायांत बूट घालून तयार. "गेटापर्यंत येतो." गेटाशी म्हणाले, "बसस्टॉपपर्यंत." बस आली, मी चढले, मागून काका चढले. "दोन कोठी," त्यांनी कंडक्टरला सांगितलं.

"काका! उतरा!"

"पाहुण्याला अर्ध्यावर कसं सोडायचं?"

मी पाहुणी होते खरी. बसमध्ये त्यांनी सिद्दीकीसाहेबांना फोन केला. आम्ही घड्याळाच्या दुकानापाशी पोचलो तेव्हा ते शेरवानीत उभे होते, रविवार असूनही. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि लगेच भांडायला लागले, कोण किती बारीक झालं यावरून. मग इराणी हॉटेलात तिघांनी चहा घेतला. काका गल्लीच्या तोंडाशी जाऊन आपल्या दाराकडे बघून आले. किल्ली माझ्याकडे होती, ती मी पुढे केली.

"आत नक्को," ते म्हणाले. "आत गेलो तर बसावं वाटते." आणि बशी तोंडाला लावली.

ऊन उतरल्यावर ते उठले. "चलतो ताई."

मीही उठले. "थांबा. मी येते पोचवायला."

काका एकदम माझ्याकडे वळले. चार वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे मीही ऐकलं नव्हतं. सिद्दीकीसाहेबांना मी आधीच दम दिला की घड्याळाच्या दुकानापाशी थांबायचं, पुढे एक पाऊल टाकायचं नाही. ते थांबले. काकांना मी हात धरून सरळ बघत चालायला लावलं.

वाटेत सगळा बाजार काकांना भेटला. वांगीवाली बाई तर दुकान सोडून उठून आली. काका थांबत होते, सलाम करत होते, मी शेजारी उभी राहून घड्याळ बघत होते, अगदी पूर्वीसारखं. पुढे औषधाच्या नव्या दुकानातला माणूस काउंटरबाहेर आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "सलाम मॅडम." मी सवयीने थांबून केला. मग उसाच्या रसवाल्याने केला. मग कॉलेजच्या मागच्या गेटाशी नवीन वॉचमनने केला. काका माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत होते.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

त्यांना तो माणूस माहीत नव्हता. कोठीच्या रस्त्यावर, ढगेकाकांना. मी वॉचमनला म्हटलं, "ये ढगे साहब हैं. कोकापेट से आये." वॉचमनने अदबीने सलाम केला. काकांनी पण केला, आणि त्यांचा हात कपाळावरून जरा उशिरा खाली आला.

बसस्टॉपपर्यंत ते बुटांकडे बघत चालले. मला वाटलं, आपण हे काय बोलून बसलो. मग ते म्हणाले, "आज सतरा झाले. बरोब्बर."

"संध्याकाळी सतराच असतात ना तुमचे."

"माझे अकरा," काका म्हणाले. "सहा तुमचे होते."

मी त्यांना वाकून नमस्कार केला, भर बसस्टॉपवर, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता तुम्ही जा," ते म्हणाले, "नाहीतर मला तुम्हाला सोडायला यावं लागेल." बस आली. मी त्यांना अक्षरशः ढकलून चढवलं. खिडकीची जागा मिळाली. शेजारी मांडीवर मोठं खोकं घेतलेला एक माणूस बसला होता. बस सुटता सुटता तो माणूस खिशातून एक चिठ्ठी काढून काकांपुढे धरतोय, एवढं मला दिसलं.

"काका, नाही!" मी ओरडले. बस पुढे गेली.

पुढच्या सिग्नलला ती थांबली. दार उघडलं. आधी खोकं उतरलं, मग तो माणूस, मग पांढरा शर्ट आणि कापडी पिशवी. काकांनी खोक्याची एक बाजू धरली, मला लांबूनच दुसऱ्या हाताने सलाम केला आणि दोघे आबिड्सच्या दिशेने चालायला लागले. कोकापेटची बस त्यांच्याशिवाय पुढे गेली.

फोन वाजला. काकू होत्या. "बसले का गं ते बसमध्ये?"

"बसले होते," मी म्हटलं.

पलीकडून काकूंनी मोठा श्वास सोडला आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला.